कपाटातले बियाणे उगवत नाही



आज या पानावर खत नाही, औषध नाही, बाजारभाव नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या गावच्या शाळेतल्या एका कपाटाबद्दल. "साहेब, तुम्ही शेतीचे, शाळेत कुठे घुसता?" असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण आधी ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

गोष्ट उरण तालुक्यातल्या एका गावातली. मृग अर्धा कोरडा गेला होता, राब पेरायचे लांबले होते. भाताच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक ठेवले होते. देवळासमोर मांडामांड केली आणि नेमकी सर आली. सगळे सामान उचलून शाळेच्या पडवीत नेले. शाळा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. पोरेही भोवती जमली.

आपल्याला हे प्रात्यक्षिक ठाऊकच आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, म्हणजे तीन टक्क्यांचे द्रावण होते. त्यात बियाणे ओतून ढवळायचे. पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले भरीव बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. खर्च काय, तर मूठभर मिठाचा.

पत्रक हातात होते. म्हटले, पोरांकडूनच वाचून घेऊ, म्हणजे घरोघर पोचेल. सहावीतली एक मुलगी पुढे आली. खणखणीत आवाजात, एकही अक्षर न चुकता तिने पत्रक वाचले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी सहज विचारले, "बाळ, आपल्याकडे पाच लिटरच पाणी असेल, तर मीठ किती घालशील?"

मुलगी गप्प. मग म्हणाली, "तीनशे ग्रॅम."

"का गं?"

"पत्रकात तसंच लिहिलंय."

कुणी हसले. मला मात्र हसू आले नाही. का आले नाही, ते सांगतो.

माझा जळालेला राब

मी सातवीत होतो. वडील सहीपुरते शिकलेले. घरात वाचणारा म्हणून मीच. त्या वर्षी आमच्या राबावर कीड दिसली. वडिलांनी तालुक्याहून औषधाची बाटली आणली आणि मला म्हणाले, "वाच रे, किती घालायचं ते."

मी वाचले. मराठीत मला चांगले मार्क पडत, वाचन तर तोंडपाठ असल्यासारखे. लेबलावर हेक्टरी प्रमाण दिले होते. मी 'पाचशे मिली' मोठ्याने वाचले आणि 'हेक्टरी' हा शब्द तसाच ओलांडून गेलो. अक्षरे वाचली होती, पण त्यांचा अर्थ डोक्यात उतरला नव्हता. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे, आणि आमचा राब जेमतेम दोन गुंठ्यांचा. वडिलांनी माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवला आणि बाटलीतले बरेचसे औषध पंपात ओतले.

चार दिवसांत राब पिवळा पडून करपला. त्या वर्षी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उरलेली रोपे मागून आणून लावणी केली. निम्मे खाचर तसेच पडले. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आमच्याही शाळेत एक कपाट होते, त्यालाही कुलूप होते. चौथीपासून सातवीपर्यंत त्या कपाटातले एकही पुस्तक माझ्या हाताला लागले नाही. मी वाचायला शिकलो तो पाठ्यपुस्तकाच्या धड्यांवर. गुरुजी प्रश्न देत, उत्तर धड्यातच असे, आम्ही ते शोधून उतरवून काढायचे. धड्याबाहेरच्या मजकुराशी कसे झुंजायचे, हे कुणी शिकवलेच नव्हते. पुढे कृषी पदविकेला गेलो तेव्हा वाचनखोलीत बसून ते शिकलो. पण तोवर राब जळून गेला होता.

म्हणून त्या दिवशी पडवीत त्या मुलीच्या जागी मला मीच दिसलो. तिच्या पाठीमागे भिंतीला लागून हिरवे लोखंडी कपाट होते. कडीला कुलूप, कुलपावर गंज. गुरुजींना विचारले, आत काय? म्हणाले, "गोष्टीची पुस्तकं साहेब. चारशेच्या आसपास असतील. चांगली आहेत सगळी."

"मग पोरांना देत नाही?"

"देतो की कधी कधी. पण हरवलं तर हिशेब मला द्यायचा."

धडा म्हणजे पाऊस, ग्रंथालय म्हणजे विहीर

शाळेत पाठ्यपुस्तक असताना आणखी पुस्तके कशाला, असे पुष्कळ पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तक हे पावसासारखे असते. सगळ्यांवर सारखे पडते, ठरलेल्या वेळी पडते. पण एका खाचरात पाणी साचते, दुसऱ्यातून वाहून जाते. ज्याला जास्त लागते, त्याला विहीर हवी. शाळेतले ग्रंथालय ही ती विहीर. हुशार पोराला धडा पुरत नाही, त्याला पुढचे हवे असते. मागे पडलेल्या पोराला धडा झेपत नाही, त्याला सोपे, मोठ्या अक्षरांचे, चित्रांचे पुस्तक हवे असते. एकाच धड्याने दोघांची तहान भागत नाही.

दुसरे असे की वाचन हे हाताच्या कामासारखे आहे. लावणी बघून कुणी लावणी शिकत नाही. चिखलात वाकावे लागते, शेकडो चूड लावावे लागतात, तेव्हा हात बसतो. पोराने वर्षभरात पाच-सहा पाठ्यपुस्तके वाचली आणि तीही परीक्षेपुरती, तर हात कसा बसणार? गोष्टीचे पुस्तक पोर आवडीने वाचते, न समजलेल्या शब्दाचा अंदाज बांधते, पुढे काय होईल म्हणून पान उलटते. या उलटापालटीतच समज येते. मग गणितातले शाब्दिक उदाहरण अडत नाही, विज्ञानातला प्रयोग अडत नाही, आणि औषधाच्या लेबलावरचा 'हेक्टरी' हा शब्दही सुटत नाही.

'असर' नावाची पाहणी २००५ पासून देशातल्या खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन केली जाते. पाचवीत बसलेल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता येत नाही, असे ती पुन्हा पुन्हा सांगते. आपला महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही. मुले मठ्ठ आहेत म्हणून असे घडत नाही. त्यांना सरावाला पुस्तक मिळत नाही, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

जासईने काय शिकवले

हे सगळे मी जासईच्या परिसरातल्या लोकांना सांगतो आहे, त्याला कारण आहे.

पनवेल-उरण पट्ट्यातल्या माणसाला कागदाची किंमत सांगायला नको. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. भातखाचरे, मिठागरे, खारजमिनी सगळ्यांचा त्यात समावेश होता. त्यानंतर घरोघरी आले ते कागदच. नोटीस, हरकत, निवाडा, अपील, करारनामा. ज्यांच्या घरात ते समजून वाचणारे कुणी होते, त्यांना निदान काय घडते आहे ते कळले. बाकीच्यांना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले.

या लढ्याचे नेतृत्व ज्यांनी केले, ते दि. बा. पाटील याच जासईचे. १३ जानेवारी १९२६ रोजी शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. शिकून ते वकील झाले, पनवेलमधून पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार झाले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर भागात आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व शासनाला मान्य करावे लागले. १६ जानेवारीला जासईत हुतात्म्यांना वंदन करायला आजही माणसे जमतात.

त्या लढ्यात छातीची हिंमत होती, हे तर खरेच. पण कायद्याचे कलम वाचून त्यातला खड्डा दाखवणारी नजरही होती. हिंमत गावागावांत होती. ती नजर मात्र शिक्षणाने आणि वाचनाने येते. २४ जून २०१३ रोजी 'दिबा' गेले. त्यांच्या नावाच्या घोषणा आपण देतोच, पण त्यांच्यासारखे समजून वाचणारे आणखी चार जण गावातून निघावेत म्हणून आपण काय करतो, हे एकदा स्वतःला विचारू या.

आज परिस्थिती आणखी बदलली आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, तो आपल्या शेजारी चिर्ल्याजवळ उतरतो. आजोबांनी जिथे लावणी केली तिथे आता कंटेनर रचलेले दिसतात. ज्यांच्याकडे थोडीफार खारजमीन उरली आहे, ते पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारखे क्षार सोसणारे भात लावतात. त्यांनाही शिफारशी वाचाव्या लागतात. ज्यांच्याकडे जमीन उरली नाही, त्यांच्या पोरांना नोकरीचा अर्ज, कंत्राटाची अट, गोदामातली सुरक्षेची सूचना वाचावी लागते. जमीन कायद्याने घेता येते. पोराच्या डोक्यात उतरलेली समज घ्यायला अजून कुठला कायदा निघालेला नाही.

कायदा आपल्या बाजूचा आहे

सरपंच, सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब यांच्यासाठी हा भाग मुद्दाम लिहितो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत स्पष्ट म्हटले आहे, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तिथे वर्तमानपत्र, मासिके, सर्व विषयांवरची पुस्तके व गोष्टीची पुस्तके मिळावीत. म्हणजे वर्तमानपत्रसुद्धा. आपल्या शाळेत येते का?

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करायचे काम या समितीचे आहे. त्या आराखड्यात छप्पर, संडास, कुंपण येते आणि यायलाच हवे. ग्रंथालय बहुधा राहून जाते. ते लिहून घ्या.

पैशाचे म्हणाल तर, २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली, शाळा किती इयत्तांची आहे त्यानुसार. आपल्या शाळेला त्यातले किती आले, त्यातून कोणती पुस्तके घेतली, हे विचारणे म्हणजे कुणावर संशय घेणे नव्हे. तो पालकांचा हक्क आहे.

आणि ग्रामपंचायतीने "शाळा आमच्याकडे नाही" असे म्हणून हात झटकू नयेत. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या विषयांची जी अनुसूची जोडली, तिच्यात ग्रंथालये हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या ग्रामसूचीतही वाचनालये आहेत. दिवाबत्ती आणि गटार जितके आपले, तितकेच पुस्तकही आपले.

मग कुलूप का लागते?

आता गुरुजींच्या बाजूनेही बोलले पाहिजे. दोष एकट्या गुरुजींचा नाही. दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता, त्यात माहिती भरायची, पोषण आहार बघायचा, निवडणुकीची कामे करायची. त्यात पुस्तक हरवले की दप्तर तपासणीला उत्तर द्यायचे. माणूस म्हणतो, कशाला लफडे? कुलूपच बरे. पुस्तके शंभर टक्के शाबूत राहतात आणि शंभर टक्के निरुपयोगीही.

यावर एक गोष्ट सांगतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी वेगळा नियम आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ झाली, आणि त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसेल, तर ते नुकसान वाजवी मानावे, असे तो म्हणतो. महागड्या आणि दुर्मीळ पुस्तकांची चौकशी मात्र करायचीच. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्या शाळेला तो जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणत नाही. पण त्यातली समजूत बघा. पैशापैशाचा हिशेब मागणारे सरकारसुद्धा मानते, की पुस्तक वापरले तर थोडे हरवणारच.

आपण शेतकरी तर हे पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. प्रमाणित भात बियाण्याची उगवण किमान ऐंशी टक्के असावी, असा निकष आहे. म्हणजे शंभरातले वीस दाणे उगवले नाहीत तरी पिशवीवर शिक्का बसतो. म्हणून कुणी पेरायचे थांबवतो का? शंभरातले वीस दाणे आपण मातीत सोडून देतो, आणि हजारातल्या पाच पुस्तकांसाठी कपाटाला कुलूप लावतो!

तेव्हा समितीने एक ठराव करावा. वर्षाला इतकी पुस्तके फाटली वा हरवली, तर ती समितीच्या मान्यतेने नोंदवहीतून कमी करावीत, आणि गावाने वर्गणीतून नवी आणून द्यावीत. मुख्याध्यापकांनी तो वरिष्ठांना कळवून ठेवावा. एकट्या गुरुजींच्या डोक्यावरचे ओझे उतरले, की कुलूप आपोआप निघते.

आपल्याच माणसांनी करून दाखवलेले

नाशिक जिल्ह्यात कवळाणे नावाचे गाव आहे. तिथल्या शेतकरी घरातला गोपाळ नावाचा मुलगा बारा वर्षांचा होईतो अक्षरओळख नसलेला होता. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि महाराजा सयाजीराव गायकवाड झाला. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण पोरे शाळेत शिकली आणि पुढे वाचायलाच काही मिळाले नाही, तर शिकलेले विसरतात, हे त्यांनी ओळखले. १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावून गावोगाव ग्रंथालये उभी केली. जिथे ग्रंथालय परवडत नव्हते, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या. एका गावाने वाचल्या की पेटी पुढच्या गावाला. ज्याने स्वतः उशिरा अक्षर गिरवले, त्याला पुस्तकाचे मोल कळले.

पुढे १९३१ मध्ये डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा, की पुस्तके वापरासाठी असतात. हे वेगळे सांगावे लागले, यातच आपली जुनी खोड दिसते.

आणि अगदी अलीकडचे उदाहरण भिलारचे. महाबळेश्वर तालुक्यातले, स्ट्रॉबेरी पिकवणारे हे गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' म्हणून सुरू झाले. पंचवीस ठिकाणी पुस्तके मांडली. कुठे शेतकऱ्याच्या ओटीवर, कुठे देवळात, कुठे शाळेत. घरमालकांनी आपल्या घरातली खोली वाचणाऱ्यांसाठी उघडली. तिथे शासनाचा हात होता, हे खरे. पण दार उघडले ते शेतकऱ्याने. आपल्याला गावभर नको, शाळेतले एक कपाट उघडले तरी पुष्कळ झाले.

करायचे काय? पाच कामे

पहिले काम किल्लीचे. कपाटाची किल्ली मोठ्या वर्गातल्या दोन मुलांकडे द्यावी, एक मुलगा, एक मुलगी. साधी वही घालावी. तारीख, नाव, पुस्तक, परत केल्याची खूण. पोरे हा हिशेब मोठ्यांपेक्षा चोख ठेवतात, करून बघा.

दुसरे काम तासाचे. आठवड्यातला एक तास वाचनाचाच. त्या तासाला प्रश्न नाहीत, परीक्षा नाही. ज्याला जे आवडेल ते त्याने वाचावे. पहिली-दुसरीच्या पोरांना मोठ्यांनी वाचून दाखवावे. गावातला एखादा निवृत्त शिक्षक, शिकलेली सून, सुट्टीवर आलेला फौजी असा तास घ्यायला आनंदाने येईल. त्यांना बोलवायला मात्र हवे.

तिसरे काम घरी नेण्याचे. शनिवारी प्रत्येक पोराने एक पुस्तक घरी न्यावे, सोमवारी आणावे. आणि इथे तुमचे काम आहे. संध्याकाळी पोराला म्हणा, "वाचून दाखव." तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल. आजीला गोष्ट ऐकवताना पोर अडखळते, आजी मध्येच विचारते, "मग तो तिथं गेलाच कशाला?" पोराला विचार करावा लागतो. नुसती अक्षरे वाचण्यापलीकडचे शिक्षण तिथेच होते.

चौथे काम निवडीचे. पुस्तके घ्यायची ती पोरांना वाचाविशी वाटतील अशी. देणगीत आलेले जाडे ग्रंथ आणि जुनी गाईडे यांनी कपाट भरू नये. गोष्टी, प्रवास, प्राणी-पक्षी, सोपे प्रयोग, थोरांची चरित्रे, एक चांगला शब्दकोश, एक नकाशासंग्रह. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके परवडणाऱ्या किमतीत मिळतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. घरोघरी मोबाइल आहेच, तर त्याचा असाही उपयोग करा. कृषी खात्याचे 'शेतकरी' मासिकही शाळेत ठेवा. पोरगा वाचेल, बापाला सांगेल.

पाचवे काम पावसाळ्याचे, आणि यात मी जरा जाणकार आहे. बियाण्याला जे लागते तेच पुस्तकाला लागते. कपाट भिंतीला टेकवू नका, वीतभर पुढे ओढा, म्हणजे ओल आणि वाळवी चढत नाही. खाली विटा किंवा फळी द्या. पुस्तके दाबून ठासू नका, वारा खेळू द्या. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, पण अधूनमधून बदला. पाऊस सरला की एक दिवस सगळी पुस्तके सावलीत पसरून झटका. कडक उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. दसऱ्याला पाटीपूजन करतोच, त्याला जोडूनच हे काम करावे. आणि रोज हाताळलेल्या पुस्तकाला कसर लागत नाही, हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

खर्चाची काळजी करू नका. गणपतीत मंडळाने डेकोरेशनमधले थोडे वाचवावे. बारशाला, साखरपुड्याला, वडिलांच्या वर्षश्राद्धाला घराने शाळेला एक पुस्तक द्यावे, आत नाव घालून. गाव करी ते राव न करी, हे आपणच म्हणत आलो. १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीला शाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. २०१५ पासून राज्यात ही प्रथा आहे. त्या दिवशी फोटोपुरती पुस्तके बाहेर काढून संध्याकाळी पुन्हा कुलूप, असे होऊ देऊ नका.

पुन्हा त्याच पडवीत

त्या दिवशी मी गुरुजींशी आणि समितीच्या अध्यक्षांशी बोललो, वर लिहिलेला ठराव सुचवला आणि निघून आलो. आमच्या खात्यात सुचवणे पुष्कळ होते, घडणे थोडे. फारशी आशा नव्हती.

कापणीच्या सुमारास त्याच गावात पीक कापणी प्रयोगासाठी गेलो. वाटेत शाळा लागली म्हणून डोकावलो. कपाट उघडे होते. वही मागून पाहिली. दोन पुस्तके परत आली नव्हती, आणि एका पुस्तकाचा पुठ्ठा शेळीने खाल्ला होता. तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते.

ती सहावीतली मुलगी मला ओळखून पुढे आली. मी मिठाचा प्रश्न पुन्हा विचारणार, तोच तिने मला विचारले, "साहेब, पोचट दाणा मिठाच्याच पाण्यात एवढा वर का येतो, ठाऊक आहे?"

म्हटले, "तूच सांग."

"अंडं साध्या पाण्यात बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. पुस्तकात होतं, मी घरी करून पाहिलं. मिठानं पाणी जड होतं, म्हणून हलकी वस्तू वर येते. दाण्याचं पण तसंच." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि पाच लिटरला दीडशे ग्रॅम. तेव्हा माझं चुकलं होतं."

मला माझ्या वडिलांचा राब आठवला.

मंडळी, पुढच्या वर्षी बीजप्रक्रिया करायला मी येईनच. पण तोवर एक काम तुम्ही करा. उद्या पोराला सोडायला शाळेत गेलात, की गुरुजींना हात जोडून विचारा, "गुरुजी, कपाटाची किल्ली कुठे असते?" गुरुजींनी अडचण सांगितली, तर ती ऐका आणि समितीच्या बैठकीत मांडा. बियाणे गावात आलेले आहे, पेरायचे तेवढे राहिले आहे.